मेणाचे तीन पाय

ठाणे, आयतवार, ता. ४ नोव्हेंबर १८९४

लाडक्या लिनो,

तुला आजीचा आशीर्वाद. इथे सगळे खुशाल. तुझी आई बरी आहे. तुझी बहीण बिट्रिस कालपासून माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तीही बरी आहे. पत्र प्रभाकर मास्तर लिहितायत, तुला अक्षरं शिकवली तेच. मी सांगते तसंच लिहा म्हणून बजावलंय, तरी मधेच सुधारतात. एखादं वाक्य फार शहाणं वाटलं तर ते त्यांचं समज.

झांझिबारहून तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा झाला, तू पुन्हा मैदानात धावलास, दोन गोल मारलेस, हे मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा वाचा म्हटलं तर त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मेरीमायचे उपकार झाले. आणि सहा महिने तुझ्या गुडघ्याला तेल चोळणाऱ्या त्या शेजारणीचे, हलीमाबाईचे. बोटीवर कामाला असलेल्या वॉल्टरबरोबर तिला मसाल्याच्या दोन बाटल्या पाठवल्यात. चिमूटभरच घाल म्हणावं, नाहीतर केलेले उपकार मागे घेईल.

कल्याणला रेल्वेच्या मैदानात साहेबांचा चेंडू कुंपणाबाहेर आला की तू अनवाणी पायानेच परत धाडायचास. ते बघून साहेबाने तुला तारऑफिसात लावलं, एडनला नेलं. एडनहून झांझिबार. नातू काय करतो असं कोणी विचारलं की मी सांगते, तारा ओढतो. चेंडू मारायला त्याला देशोदेशीचं बोलावणं येतं म्हटलं तर लोक मला वेडी म्हणतील.

आता रंगूनच्या भातगिरणीचा साहेब बोलावतोय. तू विचारलंस, आजी म्हणेल तर घरी येतो, नाहीतर रंगूनला जातो. उत्तराला महिना लागला. भात कापायचं आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. भात कापून पंधरा दिवस झाले.

पाद्रीबाबांपुढे तोंड उघडलं नाही, ते मास्तरांपुढे उघडते. गेल्या वर्षी वांद्र्याच्या जत्रेत मी मेणाचा पाय वाहिला. दुखरा पाय बरा व्हावा म्हणून लोक वाहतात. तुझा तर धडधाकट होता. मी म्हटलं, माये, ह्या पायांची धाव थांबव, पोराला घरी आण. तिने अर्धंच ऐकलं. नाताळाच्या आत तुझं पत्र आलं, गुडघा निखळला म्हणून.

यंदा पुन्हा गेले. मेणाचे पाय विकणारीने विचारलं, उजवा की डावा? तू लिहिलंच नव्हतंस. मी दोन्ही घेतले. ती म्हणाली, "मावशी, दोन्ही गेले काय त्याचे?"

"एकच गेला," मी म्हटलं, "पण माझ्या तोंडाने गेला."

इथे मास्तर थांबलेत. म्हणतात, नवसाने गुडघे मोडत नसतात. मी विचारलं, मग बरे तरी होतात का? त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि म्हणाले, पुढे सांगा.

लिनो, तू मला इथे हवास. आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताची कणसं देवळात नेली तेव्हा तुझी आई रांगेत तुझ्यासाठी जागा ठेवून उभी होती. पण तुझ्या पायांना मी एकदा वाट सांगितली, तेवढं पुरे झालं. तुझे दोन गोल ऐकून मी रडले, आणि बिट्रिसला सांगितलं की कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता.

तू रंगूनला जा. मी आता नुसती प्रार्थना करीन, तीही शब्द न वापरता. मेरीमायला काय ते कळेल.

मास्तरांनी अंगठ्याला शाई लावून दिली आहे.

तुझ्या गुडघ्याची अपराधी,
तुझी आजी,
रोझा