यांच्या स्मरणार्थ

फ्रीगंज, उज्जैन

प्रिय जयंतदादा,

फोनवर तू नेहमी विचारतोस, केंद्र कसं चाललंय, आणि मी 'ठीक' म्हणून मोकळी होते. आज खरं सांगते, आणि चिडून सांगते. तात्यांनी टावर चौकामागच्या खोलीत रुग्णांना लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला देणं सुरू केलं, तेव्हा आपल्याकडे दोनच जुने वॉकर होते, पण पैसे होते. त्यांचे बँकेतले मित्र पेन्शन जमा झाली की वर्गणी आणून द्यायचे, चहा प्यायचे आणि राजकारणावर कडाकडा भांडून घरी जायचे. खोलीचं भाडं, सामान देण्याघेण्याचं बघणाऱ्या सुलूताईंचा पगार, दुरुस्ती, सगळं त्यात भागायचं.

तात्यांमागोमाग ते सगळेही एकेक करून गेले. माणूस गेला की त्याची वर्गणी बंद, आणि तेरावं झालं की मुलगा दारात हजर, वडिलांच्या स्मरणार्थ व्हीलचेअर घेऊन! पाठीवर नाव ठळक हवं, वर फोटोही हवा. नाही कसं म्हणणार? मीही हसून फोटो काढून घेतले. आता खोलीत पाय ठेवायला जागा नाही आणि पंक्चर काढायला पैसे नाहीत. एका गृहस्थांना धीर करून म्हटलं, त्याऐवजी वर्षाचं भाडं द्या. तर म्हणतात, "दीदी, भाड़े पर बाबूजी का नाम कहाँ लिखवाऊँ?" या गावात दानाला तोटा नाही रे, पण ज्यावर नाव घालता येत नाही ते द्यायला कुणीच तयार नाही.

सुलूताई दिवाळीपासून पगाराशिवाय येताहेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही. भाडं थकलंय; ते चुकतं केलं नाही तर महिनाअखेर खोली रिकामी करा, असं मालकाने सांगितलंय. सिंहस्थाचा मेळा जवळ आलाय, मालकाला दुप्पट भाडं सहज मिळेल.

आणि काल देवास गेटच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. तू पाठवलेला पलंग पोचलाय, बटणावर वर-खाली होणारा, पितळी पाटीवर तात्यांचं नाव. आधी मला रडू आलं, मग संताप. दादा, मी तो सोडवलाच नाही, परत पाठवायला सांगितलं. रागाव खुशाल. पण दुकानातून त्याचे पैसे परत मिळाले की भाड्यासाठी पाठव. तात्यांचं नाव कुठेच लागणार नाही, पण एक तारखेला त्यांची खोली उघडी असेल.

तुझीच, भांडकुदळ
शर्वरी