निरंजनचा ट्रक

६ जानेवारी

निरंजननं ट्रक घेतला! सैन्याच्या लिलावातला, चारही चाकांना जोर असलेला. फोनवर म्हणे, "पंडित, घर घेतलं बे. चाकावालं." आत पलंग, ओटा, न्हाणी बांधणार आणि रस्ता संपतो तिथं जाऊन राहणार. तीस वर्षं रेल्वेच्या वॅगनी दुरुस्त करून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेला माणूस — त्यानं सकाळी बागेत टाळ्या वाजवत फिरावं की नाही?

"अभिनंदन," मी म्हणालो. शब्द घशातून निघताना चांगलाच खरचटला.

८ जानेवारी

षड्रिपूंत मत्सर सहावा. पहिल्या पाचांशी माझी ओळख बेताचीच, म्हणून याच्या येण्याचं विशेष कौतुक. धातू मद्, म्हणजे हर्ष. हर्षाचा भाग अजून सापडलेला नाही.

१५ जानेवारी

रायपूरच्या टोकाला, टाटीबंधला जाऊन आलो. पेपरच्या बातमीच्या निमित्तानं. कोणती बातमी, ते ठरलं नव्हतं.

दयाराम मिस्त्रीच्या आवारात ट्रक उभा. चाक माझ्या छातीपर्यंत येतं. मागचा हौदा काढून टाकलाय. त्या जागी लोखंडी सांगाडा, खोलीएवढा. निरंजन अंगभर काळा आणि तोंडभर हसू. "हे पाहय पंडित, घर चेसिसवर तीनच ठिकाणी टेकवलं. चाक गड्ड्यात गेलं की चेसिस पिळते, घर नाही पिळत."

विशीत आम्ही दोघं धानाच्या ट्रकच्या टपावर झोपून केशकालचा घाट उतरलो होतो. तेव्हाच ठरलं होतं — एक दिवस ट्रक आपला. 'आपला' हे द्विवचन असल्याची माझी समजूत होती. मराठीत द्विवचन नाही, हे पस्तीस वर्षांनी ध्यानात आलं.

१६ जानेवारी

चौबे कॉलनीतला आमचा जिना चढताना गुडघे दुखले. चाक आठवलं.

२ फेब्रुवारी

एक लोकेश उगवलाय. वय तिशीचं, दाढी कोरलेली, अशा गाड्यांचे टायर विकतो. स्पितीला तीनदा जाऊन आलाय आणि हे दर दहा मिनिटांनी सांगतो. निरंजन त्याचं ऐकतो! पाण्याची टाकी कुठं, जादा चाक कुठं — सगळं "लोकेश, तुले काय वाटते?"

मला फक्त गाडीचं नाव विचारलं. मी विचार करून 'चक्रवाक' सुचवलं. चक्र आहे, पक्षी आहे, विरहही आहे. लोकेश म्हणाला, "अंकल, इसमें वॉक क्यों? वॉक तो पैदल होता है ना."

निरंजन पोट धरून हसला. मीही हसलो. माझे दात चांगले आहेत, दिसले असतील.

९ फेब्रुवारी

आज घराच्या आत शिरलो. प्लायवूड लागलंय, खिडक्या बसल्यात. भिंतीला तीन पलंग. एकावर खडूनं 'निरंजन'. दुसऱ्यावर 'लोकेश'. तिसऱ्यावर 'खाली'. अक्षर निरंजनचंच.

दयारामला विचारलं, हा कोणाचा?

"काकरो नइ हे भैया. खाली लिखे हे ना." कुणाचाच नाही, म्हणे.

मिस्त्रीच्या चहाला नको म्हणालो. जागा नसती तर गोष्ट वेगळी. जागा आहे, रिकामी आहे, आणि मी आहे — तरीही ती रिकामीच न्यायची!

घरी विनोदिनीनं ताट वाढता वाढता तोंडाकडे पाहिलं. "जळून राहिले तुम्ही. वास येऊन राहिला."

"शेजारच्यांची फोडणी असेल."

"हव," ती म्हणाली.

११ फेब्रुवारी

आमच्या दैनिकासाठी बातमी केली. हिंदीत, सव्वादोनशे शब्द, त्यांत एक 'तथापि'. टाटीबंधला जुन्या ट्रकांवर घरं चढवली जातात. रचना बदलायला परवानगी लागते. ती घेतली आहे का? नाव कोणाचं नाही, माझंही नाही. वाक्य न् वाक्य खरं. जनहितार्थ वगैरे.

१३ फेब्रुवारी

छापून आली. पान पाच. विनोदिनीनं वाचली, घडी घातली आणि भाजीला गेली.

१७ फेब्रुवारी

निरंजनचा फोन. त्याचा अर्ज परिवहन कार्यालयात परवानगीच्या रांगेतच होता. बातमी आल्यावर तिथल्या साहेबांनी फाइल वेगळी काढून ठेवली. गाडी जागची हलवायची नाही असा कागद आला. मार्चमध्ये निघायचं होतं, आता केव्हा ते ब्रह्मदेवाला ठाऊक. "तू पेपरवाला आहेस पंडित. कोणं लिहिलं, शोध ना जरा."

"पाहतो," मी म्हणालो.

तो पुढं बोलतच राहिला. "अन् दयारामनं आणखी घोळ केला. म्या पलंगावर लिहून ठेवलं, खाली. म्हणजे हातभर खाली घे, पंडितचे गुडघे चढत नाहीत. त्यानं वाचलं रिकामा! जसाच्या तसा ठेवला. म्या म्हटलं, अबे, मराठीत खाली म्हणजे नीचे!"

मी विचारलं, "मग माझं नाव काहून नाही लिहिलं?"

"तुझं काय लिहायचं? लोकेशले आता घेतलं म्हणून त्याचं लिहिलं. तू तं पहिल्यापासूनच आहेस."

शिक्षा म्हणजे दंड, विद्या नव्हे. यातायात म्हणजे हाल, वाहतूक नव्हे. आयुष्यभर रायपूरच्या मराठी पोरांचे कान उपटत आलो. आणि खडूनं लिहिलेला, दोन अक्षरांचा, मायबोलीतला शब्द मी हिंदीत वाचला! दयारामला तरी मराठी येत नाही. माझ्यापाशी काय सबब होती?

१९ फेब्रुवारी

विनोदिनी म्हणाली, "जा, सांगा त्याले." उद्या, म्हणालो.

२१ फेब्रुवारी

काल आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. आज पाठ दुखतेय. कारणं बरी सुचतात मला.

२३ फेब्रुवारी

गेलो. सांगितलं. उभ्यानंच, एका दमात.

निरंजन पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "छापलं त्याच दिवशी समजलं होतं. 'तथापि' रायपुरात दुसरं कोण लिहिते?"

"मग शोध म्हणून फोन काहून केला?"

"पाहून राहिलो होतो, किती दिवस लावतो ते."

सहा दिवस लावले मी. त्यानं मोजले होते. गाडी कधी निघेल ते ब्रह्मदेवालाच ठाऊक; मी दुसरा पाना उचलून पुसू लागलो.