एकटीच्या भरवशावर

नारायण पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २००९

ती. जयाताईस,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. मी नापास झाले. आमच्या फिजिओथेरपीच्या एम.पी.टी.त हल्ली नुसत्या पेपरांवर भागत नाही. हेमा मॅडम आयसीयूत खाटेशेजारी उभ्या राहून बघतात, की या मुलीच्या एकटीच्या भरवशावर पेशंट सोडता येईल का. मी एका आजींना उठवून बसवत होते. माझी नजर मॉनिटरवर. त्यांना दरदरून घाम फुटलेला मला दिसलाच नाही. मॅडमनी त्यांना सावरलं आणि एवढंच विचारलं, की पेशंट मशीनमध्ये आहे की खाटेवर. आता पुन्हा परीक्षा होईपर्यंत सोबतीला सीनियर असल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. बाबांना सांगू नकोस.

लोभ राहू दे.
तुझी उत्कर्षा

वाशीम
१८ ऑगस्ट

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं. म्हणाले, इथे बापूराव डॉक्टरांना गुडघे-कंबर बघायला कुणीतरी हवंच आहे, पोरीला घरी बोलाव. मी म्हटलं, पुण्यात राहून अजून तिला धड टोमणे मारता येत नाहीत, इतक्यात परत कशाला बोलावता? पण खरं सांगू? त्या आजींच्या जागी आपली आई असती, तर मला शेजारी तुझ्या मॅडमच हव्या असत्या. तेव्हा रुसू नकोस, त्यांच्याकडूनच शीक. आणि वेळेवर जेव.

इकडे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे.
तुझी ताई

नारायण पेठ, पुणे
३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

काल परीक्षा झाली. पेशंट लोणी काळभोरचे मच्छिंद्रकाका. न्यूमोनियातून वाचलेले, व्हेंटिलेटर नुकताच निघालेला. त्यांना खाटेच्या कडेला बसवायचं होतं. स्क्रीनवर सगळं ठीक होतं. पण कुशीवर वळवताच त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, श्वास उथळ झाला. मी थांबले आणि त्यांना परत टेकवलं. त्यांच्या पत्नी, सोजरबाई, हात जोडून विनवू लागल्या, की आज बसवाच वो त्यास्नी, घरी समदे वाट बघत्यात. मी नाही म्हटलं. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. वाटलं, गेलं सगळं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, की बसवायला सगळ्यांनाच येतं, थांबायला येत नाही. उद्यापासून तू एकटी जा.

आज एकटी गेले. काका बसले, ताई! पाय खाली सोडून, माझा खांदा धरून. भेटीच्या वेळेला सोजरबाई आल्या, दारातच थबकल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी पिशवीतून पांढरी टोपी काढली, झटकली, काकांच्या डोक्यावर नीट ठेवली आणि मलाच दटावलं, की चार लोकांत माणसाला बोडकं बसवत्यात व्हय.

माया असू दे.
तुझी उत्कर्षा