कॉलरच्या आतली खूण

३ डिसेंबर
तलावाकाठच्या वरठ्यांच्या, म्हणजे धोब्यांच्या, अकरा घरांना नगरपालिकेची नोटीस. फिरायचा रस्ता होणार. प्लॉट पडायच्या आधीपासून घर असल्याचा पुरावा देईल त्यालाच बदली जागा. पेपरात वाचली, घडी घातली. चहा केला. काही वाटले नाही.

५ डिसें.
शांताबाई आल्या. आमचे कपडे आधी त्यांच्या सासूने धुतले, मग त्यांनी. खुर्ची दिली तरी ओट्यावरच बसल्या. नगरपालिकेच्या साहेबांनी वस्तीचा छापील इतिहास मागवला म्हणे. गणेश मंडळाच्या स्मरणिकेतला, म्हणजे मीच लिहिलेला. त्यात वरठी नाहीतच.
"आमी कुठं होतो मंग, बाई?"
बघते म्हटले.

६ डिसें.
स्मरणिका काढली. 'काठावर नुसती झुडपे होती. मग प्लॉट पडले आणि वस्ती उभी राहिली.' जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईचे वाक्य! घाट तर खिडकीतून दिसायचा. पण धोबीघाटाची वस्ती म्हणवून घ्यायची प्लॉटवाल्यांना लाज. मलाही होती.
जेवले नाही. भूक नव्हती, एवढेच.

९ डिसें.
घाट मागेच बुजला. शां.कडे कागद नाही. वरठ्यांना लिहिता येत नसे, म्हणून तर कपड्यांवर बिब्ब्याच्या, धुऊनही न जाणाऱ्या खुणा, घरागणिक वेगळ्या. आमची तीन ठिपके, खाली रेघ. आम्ही तेव्हा गावात राहायचो, कपडे इथे यायचे.
ट्रंक उपसली. बाबांचा सदरा सापडला. कॉलरच्या आत खूण आहे. बाबा गेले तेव्हा प्लॉट पडायचेच होते.

१० डिसें.
शां.नी खुणेवरून बोट फिरवले. "सासूच्या हातची हाय. रेघ तिरपीच काढे."
सदरा त्या धुवायला घेऊन निघाल्या. नुसत्या सदऱ्यावर साहेब काय मानतील, मी खोटे लिहिले हेही सांगावे लागेल, म्हटले.
"मंग सांगा नं."
तिवशाला राहणारा त्यांचा मुलगा त्यांना तिकडेच बोलावतो. जायचे नाही म्हणाल्या.

१२ डिसें., सकाळ
आज साहेबांपुढे सुनावणी. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन: "काहून सोताचं नाव खराब करता, बाई?" ठेवून दिला.
शां.नी सदरा धुऊन, इस्त्री करून आणला. घडी अशी, की खूण वर यावी. पिशवीत ठेवला, खाली स्मरणिका.
आरशासमोर म्हणून पाहिले, हे मी खोटे लिहिले. 'खोटे'च्या जागी तोंडून 'चुकून' आले.
शां. फाटकाशी उभ्या आहेत.