धरून ठेवणारी बटणं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.२०

लेकीच्या डीजे कंट्रोलरची दोन पॅडं गेली. एकूण आठ रबरी पॅडं आहेत, बोटाने हाणलं की प्रत्येकातून वेगळा ठोका निघतो. आता सहातूनच निघतो. काल तिने कंट्रोलर बॅगेत घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, बाबा, कामावर जाताना दुरुस्तीच्या दुकानात टाक, बाकी काही करू नकोस. 'बाकी काही करू नकोस' हे दोनदा म्हणाली. का, ते कळलं नाही.

२३ तारखेला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, स्केटिंग रिंकवर तिला चाळीस मिनिटं वाजवायचंय. लोकांसमोर पहिल्यांदाच. रिंकवाल्या बाईंना आवडलं तर दर रविवार तिचा. तीन वर्षं पोरगी खोलीत हेडफोन लावून बसलीय ती याचसाठी.

दुकानात टाकणार नाही. बटण हा माझा विषय. बावीस वर्षं लिफ्टची बटणं बदलतोय. रबर काढायचं आणि व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतात तशी मोठी, गोल, दिवा लागणारी बटणं बसवायची. जन्मभर टिकतील. चार दिवसांचं काम. तिला सरप्राइज.

संध्या. ६.४०. दुकानात टाकला म्हणून सांगितलं. खोटं नाही. दुकानावरूनच नेला.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी, डबा खाऊन

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये उघडला. बारा स्क्रू. अकरा सापडले. उघडण्याआधी फोटो काढायचे असतात. पुढच्या वेळी काढेन.

आत लिफ्टपेक्षा बारीक काम आहे. पण तत्त्व तेच.

तात्या माझ्या बाजूच्या टेबलावर बसतो. कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक, जूनमध्ये रिटायर होतोय. मान लांब करून बघून गेला. जळतो.

बुधवार, ५ मार्च

बटणं आणली. गेम मशीनचे पार्ट विकणाऱ्याने विचारलं, धरून ठेवणारी देऊ की सोडून देणारी? धरून ठेवणारं म्हणजे एकदा दाबलं की पुन्हा दाबेपर्यंत आतच राहतं. सोडून देणारं बोट उचलताच वर येतं. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? धरून ठेवणारी. आमच्या धंद्यात बटण विसरलं की माणूस चौथ्या मजल्यावर ताटकळतो. तो म्हणाला, बरं. लोकांना आपल्याच मालाची माहिती नसते.

शनिवार, ८ मार्च. सकाळी

पॅडं चौकोनी, बटणं गोल. म्हणजे भोकं पाडणं आलं. बाल्कनीत ड्रिल लावलं. बायकोने आतून विचारलं, काय चाललंय. शेल्फ लावतोय म्हटलं. ती म्हणाली, सात वर्षांनी का होईना.

आता शेल्फ लावावं लागणार.

भोकं सात उत्तम. आठवं सातव्याला जाऊन मिळालं. दोन्ही बटणं शेजारी शेजारी जरा दाटीने बसतील. बिघडलं काहीच नाही.

रविवार, ९ मार्च. दुपारी

शेल्फ लावलं. एकदम लेव्हलमध्ये. बायको दोनदा बघून गेली.

लेकीबरोबर सामान आणायला गेलो. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती दार बंद करायच्या बटणावर बोटांनी ताल धरून होती. पॅडं नाहीत ना हाताशी. ते बटण कशालाच जोडलेलं नाही. आमच्या निम्म्या लिफ्टमध्ये नसतं. नुसता दिवा लागतो, दार आपल्या वेळेने मिटतं, माणसाला मात्र बरं वाटतं. ती लहान असताना कडेवर घेऊन तिला ते दाबायला द्यायचो. दार मिटलं की टाळ्या पिटायची, मीच बंद केलं म्हणून. सहावीत गेल्यावर खरं सांगितलं तर आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

आज म्हणाली, माहितेय रे, तरी दाबते.

मग विचारलं, दुकानवाला कधी देतोय? म्हटलं, पार्ट यायचाय.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी १.१५

सोल्डरिंग. आमचं सोल्डरिंगचं आयर्न लिफ्टच्या जाड केबलसाठी आहे. बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा केसाएवढ्या. एक रेघ सोल्डरबरोबर उचलूनच आली. तिच्या जागी वायर टाकली. मग दुसरी रेघ आली.

निश्चय: १. घाई करायची नाही. २. आधी विचार, मग आयर्न. ३. घरी खोटं बोलायचं नाही.

बुधवार, १२ मार्च. संध्याकाळी ७

लेक म्हणाली, उद्या मीच दुकानात जाऊन विचारते. पटकन म्हटलं, दुकान बंद आहे, त्याची सासू आजारी आहे. कुठून सुचलं देव जाणे.

लक्षात ठेवणे: सासू. आजारी. गावी. वारलेली नाही.

शनिवार, १५ मार्च. दुपारी १२

चाललं!!! आठपैकी सहा बटणं लागली. (आधीही सहाच चालत होती, पण ती रबरी.) पहिलं बटण दाबलं, दिवा लागला, लॅपटॉपमधून ढोलासारखा दणदणीत ठोका आला. अंगावर काटा आला.

ठोका येत राहिला. बोट काढलं तरी येत राहिला. बटण आतच. दुसरं दाबलं, तेही आत. दोन्ही एकदम ओरडायला लागली. वर्कशॉपभर लोक उठून उभे राहिले. तात्याने येऊन प्लग काढला. मग शांतपणे विचारलं, धरून ठेवणारी घेतलीस का?

त्याला कसं कळलं?

म्हणाला, अरे, हे वाजवायचं बटण आहे. वाजवणाऱ्याला सोडता आलं पाहिजे.

आठ दिवस उरलेत. भरपूर आहेत.

सोमवार, १७ मार्च. दुपारी २.३०

सोडून देणारी बटणं आणली. विकणाऱ्याने काही विचारलं नाही, नुसता हसला. जुनी काढली, नवी जोडली. प्लग लावला.

धूर निघाला. थोडासाच. पांढरा.

मंगळवार, १८ मार्च. सकाळी १०

शेवटी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानवाल्याने झाकण उघडलं आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला. मग विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, एक ओळखीचे आहेत. तो म्हणाला, त्या ओळखीच्यांना विजेपासून लांब ठेवा. बोर्ड संपलाय. नवा मागवायचा तर महिना.

तेवढ्यात त्याची नजर माझ्या शर्टावरच्या कंपनीच्या नावाकडे गेली. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तुमचीच कंपनी बघते का, म्हणाला. हो म्हटलं. तो म्हणाला, आजपासून मी जिन्याने जाईन.

पाच दिवस.

बुधवार, १९ मार्च. संध्याकाळी ७.३०

तात्या म्हणाला, आज घरी जाऊन पोरीला सांगून टाक. ठरवलं. रस्ताभर वाक्यं जुळवली. दारातच सांगायचं, चपला काढायच्या आधी.

दार उघडलं तर लेक जेवणाच्या टेबलाशी बसलेली. डोळे मिटलेले, कानात हेडफोन. टेबलावर पट्टीने आठ चौकोन आखलेत पेन्सिलने. त्यावर बोटं पडतायत. आवाज नाही, नुसती टकटक. दोन चौकोन सोडून देत होती. तिला वाटतंय अजून तीच दोन बंद आहेत.

चपला काढल्या. तसाच हात धुवायला गेलो. लाज वाटते लिहायला, पण हे वाचणारं कुणी नाही.

उद्या नक्की.

गुरुवार, २० मार्च. दुपारी

नवा प्लॅन, आणि हाच आधी सुचायला हवा होता. वेगळा डबा. वर आठ बटणं, आत छोटं बोर्ड, एक सुटी वायर थेट लॅपटॉपला. दिव्यांसाठी आत वेगळे सेल. बोर्डाचं काम तात्याने केलं, मी मार्गदर्शन केलं. कंट्रोलरवरची मोठी चाकं, सरकपट्ट्या वगैरे यात नाहीत. ती बहुधा शोभेचीच असतात.

टेस्ट केला. आठच्या आठ! दाबलं की ठोका, सोडलं की गप्प. वायर गुंडाळून आमच्या पद्धतीने बांधली: पिवळी टेप, तीन वेढे, टोक आत दुमडून. ती पद्धत माझीच. ब्लेडशिवाय सुटत नाही.

उद्या अभिमानाने सांगणार.

शुक्रवार, २१ मार्च. संध्याकाळी ६

तिला कळलं. दुपारी ती दुकानात गेली होती. आधी सासूबाई कशा आहेत म्हणून चौकशी केली. दुकानवाल्याचं लग्नच झालेलं नाही.

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. फक्त विचारलं, आहे कुठे? बॅग आणून दिली. तिने कंट्रोलर बाहेर काढला, सातव्या आणि आठव्या भोकावरून बोट फिरवलं. पलीकडचं टेबल दिसत होतं त्यातून. मी म्हटलं, तुझ्यासाठीच करत होतो. ती म्हणाली, मी फक्त दुकानात टाक म्हटलं होतं, बाबा. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बायको म्हणाली, शेल्फचं तेव्हाच समजायला हवं होतं मला.

डबा अजून दाखवलेला नाही. वेळ बरी नव्हती.

शनिवार, २२ मार्च. सकाळी ११

सकाळपासून फोनवर होती. रिंकवर कुणा जुन्या डीजेचा कंट्रोलर पडून आहे, तो चालतोय म्हणे. त्यावर वाजवणार. एका दिवसात हात बसवायचा. चेहरा पांढराफटक.

मी डबा तिच्या दारापाशी ठेवला आणि निघून आलो.

११.५०. डबा आत गेलाय!

दुपारी ३. लेक बाहेर आली. म्हणाली, बाबा, उद्या माझ्याबरोबर उभा राहशील का? मी कंट्रोलर सांभाळते, तू तुझी बटणं. मी मान हलवली की दाब, एवढंच. तेवढी मदत हवीय.

म्हणजे माझ्याशिवाय भागत नाहीये. तरी मी एकच म्हटलं, जोडणी मी करू का? ती म्हणाली, नको, ती मी करते. वायर तिने स्वतःच्या बॅगेत ठेवली.

निश्चय: उद्या तिच्या मानेवरून नजर हलवायची नाही.

रविवार, २३ मार्च. दुपारी ४.१०

रिंकवर. शंभरेक माणसं, निम्मी चाकांवर. सकाळपासून चारदा पाणी प्यायलो, आता दुसरीच अडचण. लेक तेच हेडफोन तिसऱ्यांदा पुसतेय. रिंकवाल्या बाई कडेला खुर्ची टाकून बसल्यात. हाताची घडी. चेहऱ्यावर काही नाही.

डबा माझ्यासमोर. वायर पलीकडून लावलीय म्हणाली, मला इथून दिसत नाही. आठही दिवे झकास.

४.५५. सुरू होतंय.

६.१५

उभ्याउभ्याच लिहितोय म्हणून अक्षर असं.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. परक्या कंट्रोलरवर तिची बोटं चुकत होती, एक गाणं मध्येच तुटलं. लोक थांबून बघायला लागले. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, संपलं, मी पोरीचं सगळं घालवलं. तेवढ्यात तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिसरं दाबलं. धाड! असा ठोका पडला की रिंक दणाणलं. ती हसली. त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही दोघांनी चाळीस मिनिटं वाजवलं. मी दाबलं की ठोका. एकदा तर दाबायच्या आधीच पडला, इतका आमचा ताल जमला होता. एकदा घाम पुसताना दाबायचं राहून गेलं, तरी आवाज आलाच. बटण चांगल्या प्रतीचं असलं की असं होतं. लोक शिट्ट्या मारत होते. बाई शेवटी उभ्या राहिल्या, म्हणाल्या, पुढच्या रविवारपासून ये.

मी म्हटलं, आम्ही येऊ. बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, बाबा गंमत करतायत.

सगळं पाहता माझा निर्णय चुकला नव्हता. मार्ग जरा लांबचा पडला एवढंच.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ७.१०

डबा शेल्फवर ठेवायचा म्हणून लेकीच्या बॅगेतून वायर काढायला गेलो. वायर होती. पिवळी टेप, तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. कुठेही कापलेलं नाही.

पुन्हा पाहिलं. माझीच बांधणी.

आधी राग आला, कुणाचा ते ठरेना. मग आठवलं, मी तिसरं दाबल्यावर ती हसली होती, आणि पुढे तिचं एकदाही चुकलं नाही. मग खूप भरून आलं. वायर होती तशी आत ठेवली.

चहा पिताना म्हटलं, सहावं बटण जरा कडक आहे, नाही? ती म्हणाली, हो, मलाही वाटलं तसं. पुढच्या रविवारी येशील ना? म्हटलं, बघतो, कामं आहेत. तिने माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

संध्या. ६.३०. आज तीन लिफ्टची तपासणी. शेवटच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी विचारलं, ते दार बंद करायचं बटण खरंच चालतं का हो?

म्हटलं, चालतं. दाबा तुम्ही.