सहा सुतांची फट

५ जानेवारी, सोमवार
स्वयंपाकघराला रंग भरत नाही. कालपासून तिसऱ्यांदा. घराचा नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरचा नियम साधा आहे. चारी भिंती कोपऱ्यात जुळल्या की ते म्हणतं ही खोली, आणि जमीन आपोआप पिवळी होते. पुढची खोली झाली. मधली झाली. मागचं स्वयंपाकघर पांढरंच. मोठं करून बघितलं तर मागच्या कोपऱ्यात फट. आकडा ०.६, म्हणजे सहा सूत.

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. दोन सुतांवर गेट अडतं, हे सव्वीस वर्षं ग्रिलच्या गिऱ्हाइकांना सांगत आलो. आणि माझ्याच घराच्या नकाशात सहा सुतांचं भोक.

उद्या परत मोजायचं. टेप नवा आणायचा. जुन्याच्या टोकाचा आकडा सैल झालाय बहुतेक.

६ जानेवारी
नवा टेप. तीच मापं. जुना टेप बरोबर होता. त्याची माफी मागायला हवी.

८ जानेवारी
इंटरनेटवर एकाने लिहिलंय, ‘चुंबक’ चालू ठेवा, भिंत जवळ आली की आपोआप चिकटते. केलं. रंग भरला. पण मागची भिंत ओढून घेताना तिने मधली भिंत वाकडी केली. काटकोन ८९.८. कुणाला दिसला नसता. मला दिसला.

चुंबक बंद केलं. खोटं जुळलेलं नको.

दहावीनंतर शाळा नाही. वेल्डिंग बघून शिकलो, कॉम्प्युटरही बघूनच शिकलो. आजवर कुणाला विचारायला गेलो नाही. हेही सुटेल.

९ जानेवारी, शुक्रवार
दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं. हे घर त्यांनीच बांधलंय, मी रोज डोक्यावर उभा होतो.

म्हटलं, “मिस्त्री, तुमची मागची भिंत तिरकी हाय.”

“कोन म्हनतंय?”

“कॉम्प्युटर.”

“वीस वर्सं ह्या भितीला पाठ टेकून जेवलासा, तवा सरळ हुती. आज त्या डब्यानं सांगिटलं म्हनून तिरकी झाली व्हय?”

पिशवीतून ओळंबा काढला, काटकोन बघायचा गुण्या काढला. चारी कोपऱ्यांत लावून दाखवला. भिंत सुईसारखी सरळ. ओळंबा गुंडाळताना म्हणाले, “डब्याला सांगा, दस्तगीर अजून जित्ता हाय.”

मग चहा. चहात विचारलं त्यांनी, नेमकं करायचंय काय. सांगितलं. जिन्याच्या वळणावर स्लॅब कापून काच बसवायची. खाली उजेड पाहिजे.

“खाली कोन बसतंय?”

त्यांना माहीत आहे.

११ जानेवारी, रविवार
लिहूनच टाकतो एकदा.

बायकोला, सुनंदाला, माहेरी जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या आईच्या दुखण्याला जयसिंगपूरला गेली. आई श्रावणात गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले. ही आली नाही. भांडण नाही. फोन करते, गॅस लावला का विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. फक्त येत नाही. तिकडे ब्लाउज शिवते, गिऱ्हाईक चांगलं आहे म्हणते.

दिवाळीत सरळ विचारलं होतं, कधी येणार. म्हणाली, “हितं मला उजेड हाय.”

मी समजलो, आईच्या घरात करमतं असं म्हणते. आठवडाभराने डोक्यात पेटलं. शब्दशः उजेड. इथे तिचं शिलाई मशीन जिन्याखाली असायचं. एकोणीस वर्षं. खिडकी मागितली होती तिने. दक्षिणेची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली, खिडकी पाडणार कुठे. ‘बल्ब लावून देतो’ म्हटलं आणि दिला लावून. शंभरचा.

म्हणून हे घर कॉम्प्युटरवर घेतोय. आधी जसंच्या तसं उभं करायचं, मग काच. मग तिला दाखवायचं.

पुण्याहून स्वातीचा फोन. लेकीला कुणी सांगितलं देव जाणे, मिस्त्रीच असणार. “बाबा, भिंतीची एवढी मापं काढताय. आईला एकदा विचारा ना, तिला काय पाहिजे.”

“तयार झालं की दाखवणार आहे.”

“तुम्ही नेहमी तयार झालं कीच दाखवता.”

फट अजून सहा सूत.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी सु.ला फोन. तीळगूळ वगैरे झालं. मागे मशीन चालल्याचा आवाज. मी स्क्रीनसमोरच होतो, आकडे पुटपुटत असणार.

“काय मोजाय लागलाय?”

काही नाही म्हटलं. मग सांगितलं. घर कॉम्प्युटरवर काढतोय. काचेचं नाही सांगितलं. फक्त फटीचं सांगितलं. इंटरनेट झालं, मिस्त्री झाले, टेप बदलला.

“मापं वाचा बघू.”

तिला काय कळणार, असं मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. वाचलं. पुढची खोली अकरा फूट चार पॉइंट सात.

मशीन थांबलं.

“चार पॉइंट सात म्हंजे?”

“चार इंच सात सूत.”

“इंचात सूत किती?”

“आठ.”

“आनि पॉइंट किती असत्यात?”

“दहा.”

“सात सूत म्हंजे पाऊण इंचाच्या फुडं आलं. तुमचं पॉइंट सात तर पाऊणच्या बी आत ऱ्हातंय. असा ब्लाउज कापला तर बाईचा हात शिरंल का त्यात? परत्येक मापात थोडं थोडं खाल्लंसा की.”

मशीन परत चालू. “अवो, ऐकताय न्हवं?”

ऐकत होतो.

त्याच दिवशी, दुपार
सगळी मापं नव्याने घातली. सात सूत म्हणजे ०.८७५. पाच सूत म्हणजे ०.६२५. तीन खोल्या आणि चार भिंती, प्रत्येक ठिकाणी मी थोडं थोडं कमी घालत होतो. सगळी कसर मागच्या कोपऱ्यात जाऊन साठली होती.

शेवटचा आकडा घातला आणि स्वयंपाकघर पिवळं झालं. बाहेरून चौतीस फूट नऊ इंच सहा सूत. आतून तेवढंच.

मिस्त्रींना फोन करून सांगितलं, भिंत सरळ आहे. म्हणाले, “मंग तिरकं कोन हुतं?”

कुणी धरली चूक, ते सांगितलं नाही. मग परत फोन करून सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार
सॉफ्टवेअरमध्ये सूर्य आहे. गाव टाकायचं, घराची दिशा टाकायची, महिना आणि वेळ. मग घरात ऊन कुठे पडतं ते दाखवतं. जिन्याच्या वळणावर काच बसवली. बारा महिने फिरवले, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत.

मे महिन्यात बाराच्या सुमारास तळहाताएवढं ऊन. तिसऱ्या पायरीवर. खाली जिथे मशीन असायचं तिथे नाही. एकाही महिन्यात नाही.

मग काच काढून टाकली. घर आहे तसं ठेवलं, आणि परत बारा महिने फिरवले. काय बघायचं होतं कुणास ठाऊक. माहीतच होतं. कॅमेरा खाली आणता येतो, माणूस बसल्यावर डोळे जिथे येतात तिथे. आणला.

राखाडी. जानेवारी राखाडी, एप्रिल राखाडी, ऑक्टोबर राखाडी. एकोणीस वर्षं म्हणजे हेच एकोणीस वेळा.

काळा धागा ओवायला ती पुढच्या उंबऱ्यात येऊन बसायची. मी म्हणायचो, गिऱ्हाइकं येतात, वाटेत बसू नको. ती सुईत धागा घालून परत आत…

बंद केलं.

२० जानेवारी
ऊन कुठे येतं ते बघितलं. सरळ प्रश्न आधी विचारायला पाहिजे होता.

पुढच्या खोलीत येतं. पूर्वेची खिडकी. सकाळी आठ ते साडेदहा, थंडीतसुद्धा. ऊन बरोबर माझ्या खुर्चीवर पडतं.

ती खिडकी मी कायम पडद्याने झाकलेली. स्क्रीन चकाकते म्हणून.

२२ जानेवारी, गुरुवार
पुढची खोली माझं ऑफिस. भिंतीवर ग्रिलचे नमुने : मोर, द्राक्षवेल, उगवता सूर्य. दारातून येणाऱ्या माणसाला आधी ते दिसले पाहिजेत, म्हणून मुद्दाम पुढे. सगळी डिझाइनं माझी. कुणाचं बघून काढलेली नाहीत.

नकाशात टेबल उचलून जिन्याखाली ठेवलं. दोन सेकंद लागले. परत पुढे आणलं. परत मागे नेलं. असं चार वेळा. आता मागेच आहे.

खिडकी तीन फुटांची आहे, ती पाच करायची. मिस्त्री म्हणतात वरची आडवी तुळई, लिंटल, नवी टाकावी लागेल, होतंय.

खिडकीपाशी मशीन ठेवायला गेलो तर सॉफ्टवेअरच्या सामानात शिलाई मशीनच नाही. सोफे चाळीस. पियानो आहे. नहाणीघरात ठेवायचा टब सात प्रकारचा. ज्यांनी केलं त्यांच्या घरात कुणी शिवत नसणार. मशीन स्वतःच काढायला पाहिजे. मापं पाहिजेत.

मापं जयसिंगपूरला.

फोनवर विचारता आली असती.

२५ जानेवारी, रविवार
सकाळच्या गाडीने गेलो. हातकणंगल्यापर्यंत उभा, मग जागा मिळाली. खिशात टेप. सबंध वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. एकही कोपरा जुळला नाही.

दार उघडंच होतं. खोली लहान, आपल्या मधल्या खोलीच्या निम्मी. पण दोन बाजूंनी खिडक्या. ऊन तिच्या हातावर, कापडावर, जमिनीवर. केस बरेच पिकलेत. की तिथल्या उजेडात दिसतात.

“अचानक? काय बिघडलं?”

“मशीन मोजायचंय.”

“मशीन कुटं पळून गेलं न्हाय. कशाला मोजताय?”

टेप काढला, टोक टेबलाला लावलं. दुसरं टोक तिने धरलं. सांगावं लागलं नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं वेल्डिंगच्या शॉपमध्ये बार मोजताना अशीच धरायची. पस्तीस इंच सहा सूत. सतरा इंच दोन सूत. ती म्हणाली, “आता नीट घाला. पॉइंट पंच्याहत्तर, पॉइंट पंचवीस.” हसली नाही. डोळे हसले.

मग मोबाइलवर दाखवलं. पुढची खोली, पाच फुटी खिडकी, आठ वाजताचं ऊन. मशीनच्या जागी नुसता ठोकळा. तिने बोटाने फिरवून फिरवून बघितलं. बराच वेळ. खोलीतून मधल्या घरात गेली, स्वयंपाकघरात गेली, परत पुढे आली.

“आनि तुमचं टेबल?”

“जिन्याखाली.”

“तितं उजेड न्हाय.”

“माहीत आहे. बारा महिने फिरवून बघितलंय.”

मोबाइल परत दिला. पायाने मशीन चालू केलं, ओळ पूर्ण केली, धागा दाताने तोडला. तेवढ्यात एक बाई ब्लाउज न्यायला आल्या. “पावणं आलेत व्हय?” म्हणाल्या. सु. म्हणाली, “पावणं न्हवं, मालक हाईत.” मग तांब्या घेऊन माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

जेवण झालं. ताकातली आंबाडी. निघायच्या वेळी म्हणायचं होतं, चल. एवढं एकच होतं. म्हटलं, “खिडकी जमिनीपासून तीन फुटांवर ठेवलीय.”

ती स्टुलावर बसली. कोपर मशीनवर ठेवलं, हवेत हात धरून बघितलं.

“दोन इंच खाली घ्या.”

दारापर्यंत आली. “आनि ती मोराची गिरिल लावू नका. साधे उभे बार. लांब लांब.”

“चार सूत?”

“तीन बास झालं.”

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. येते म्हणाली नाही. येत नाही असंही नाही.

२६ जानेवारी, सोमवार
खिडकी दोन फूट दहा इंच. तीन सुतांचे उभे बार, मध्ये पाच इंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात साधं ग्रिल. कोणताही वेल्डर करेल. नमुन्याच्या भिंतीवर टांगायच्या लायकीचं नाही.

मशीन काढलं. पायपट्टीसकट.

२७ जानेवारी
मिस्त्री सकाळीच आले. “भित कवा फोडायची?”

“सांगतो.”

“वैनी कवा येनार?”

“बोलली नाही.”

“मंग फोडायची कुनासाठी?” असं विचारून स्वतःच ओशाळले. खिडकीच्या कडेला पेन्सिलीने खुणा करून गेले. पाच फूट. खुणेला काय, पुसता येतात म्हणाले.

२९ जानेवारी, गुरुवार
आज पडदा काढला. टेबल ओढून जिन्याखाली नेलं, खरंखुरं. दोन सेकंदांत झालं नाही. कंबर धरली. मोर आणि द्राक्षवेल शॉपमध्ये पाठवले. उगवता सूर्य अजून भिंतीवर आहे, त्याचं काय करायचं ठरलेलं नाही.

रिकाम्या जमिनीवर खडूने चौकोन आखला. पस्तीस इंच सहा सूत, सतरा इंच दोन सूत. मागे स्टूल सरकायला अडीच फूट सोडले.

हे लिहितोय ते जिन्याखाली बसून. शंभरचा बल्ब लावून. अक्षर नीट दिसत नाही.

आठ वाजून चार मिनिटांनी ऊन आत आलं. आत्ता आहे त्याच तीन फुटी खिडकीतून. आधी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर, मग सरकत चौकोनात. सॉफ्टवेअरने दाखवलं होतं तिथेच, सुताचाही फरक नाही. साडेदहाला गेलं.

भिंत फोडायचं मिस्त्रींना अजून सांगितलेलं नाही. खडू पुसलेला नाही.