आपाने दिलेली खोली

शारजा,
२० ऑगस्ट २००१

प्रिय नौशीन आपा,

सलाम. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता तिला आठवडाभर चुलीपाशी फिरकू देऊ नकोस. आम्ही इकडे मजेत. अर्श माझ्या खांद्याला लागलाय आणि मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देतो. हे पाकीट खैरुद्दीनचाचांबरोबर पाठवतेय, ते गुरुवारी मुंबईला उतरताहेत. फोन केला असता, पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस.

माझ्या कॉलेजच्या कामाला तू 'फुकटची वकिली' म्हणतेस ना? एकदा येऊन बघ. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलं गरीब भाडेकरूंच्या वतीने भाडे समितीपुढे बोलतात आणि मी त्यांच्या मागच्या खुर्चीत बसते. नियम एकच, सुपरवायझरने तोंड उघडायचं नाही. आता मला गप्प बसायला सांगायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण मौझा नावाची इथलीच एक मुलगी आहे, पहिल्या सुनावणीला तिने कागद उलटा धरून वाचायला घेतला होता. गेल्या महिन्यात तिने एका घरमालकाच्या मॅनेजरला असं कोंडीत पकडलं, की तो "खलास, खलास" म्हणत खालीच बसला. ती मी तयार केलीय. उगाच विनय कशाला?

तिच्याकडे आता नवी केस आलीय. हमरिया फ्री झोनमधला एक वेल्डर, त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी. उम्म अल कुवैनला एका जुन्या व्हिलातल्या एका खोलीत राहतात. आख्खा व्हिला एका आपल्याच माणसाने भाड्याने घेतलाय, आणि अरब मालकाच्या परवानगीने एकेक खोली पुढे दिलीय. आता त्याला ही खोली रिकामी हवीय, कारण फॅमिलीच्या जागी सहा बॅचलर घातले की दुप्पट मिळतात. हे हलेनात, म्हणून त्याने खोलीची वीज तोडली. ऑगस्टमध्ये, आपा. पोरीच्या पाठीवर घामोळ्यांमुळे बोट ठेवायला जागा नाही. आई तिला दिवसभर सुपरमार्केटच्या एसीत फिरवते, काही न घेता. तिथला वॉचमनही आता दोघींना ओळखतो.

तो माणूस म्हणतो, खोली चार दिवसांच्या सोयीसाठी दिली होती. हे म्हणतात, वेल्डरचं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षं, राहायला सांगितलं होतं. कागद काहीच नाही. का नाही, तर खोली देणारी बाई म्हणाली होती, "अगं, तू आमच्या म्हसळ्याची. आपल्या माणसांत कागद कसला?"

ओळखलंस ना? वेल्डर म्हणजे तुकाराम, आणि त्याची बायको म्हणजे सुजाता, जिच्या घावन्यांचं तू चारचौघांत कौतुक करतेस. वीज तुझ्या नवऱ्याने तोडली. तू तिकडे गेल्यावर.

मी आधी दुल्हेभाईंकडेच गेले होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अजरा, घरच्या बाबीत वकिली आणू नकोस. आणि नौशीनला कळवायचं नाही." माझा संताप झाला. घरची बाब म्हणे! मग ती पोर कोणाच्या घरची? तरी मी चहा संपवला आणि नीट सलाम करून निघाले.

त्याच दिवशी मी मौझाला आणि तुकारामला सगळं नातं सांगितलं. म्हटलं, मी बाजूला होते, दुसरे सर बघतील. तुकाराम म्हणाला, "मॅडम, तुम्हीच राहा. समितीत काय चाललंय ते मराठीत सांगणारं कोणीतरी हवं." मौझाने फाइल मिटली. मग म्हणाली, "उस्ताझा, शब्द तुमच्या बहिणीने दिला, तर तो दिला हे सांगायलाही तीच हवी. ती येईल?"

मी म्हटलं, येईल. इन्शाल्लासुद्धा म्हटलं नाही.

अर्शला कळल्यावर तो म्हणाला, "मम्मी, खाला इज गोइंग टु बी सो मॅड." मलाही तीच भीती आहे. तू माझ्याशी बोलणं टाकशील, ईदला दार उघडणार नाहीस. पण गावात तुझ्या एका शब्दावर लोक सोयरिकी जमवतात. तो शब्द इथे दुल्हेभाईंनी खोटा पाडावा आणि मी मागच्या खुर्चीत बसून बघावं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. आणि तुझ्याच्यानेही व्हायचं नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

सुनावणी तीन तारखेला, सोमवारी. तुझं विमान त्याच्या आधल्या शनिवारी उतरतंय. दुल्हेभाई गाडी घेऊन एअरपोर्टवर येणारच. मीही येईन, आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर सुजाता आणि तिची ओवी असतील. तुझ्या बॅगा कोण उचलेल ते उचलू दे, बसायचं कोणाच्या गाडीत ते तू ठरव.

त्यांच्या गाडीत बसलीस तरी तुझीच,
अजरा